मुका रेचा

त्या वर्षी दिवाळी सरली आणि मनकर्णाबाई जेवेनाशा झाल्या. रुसवा नव्हता, ताप नव्हता, तोंडाची चव गेली असंही नव्हतं. सकाळी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून त्या चुलीपाशी यायच्या, मान जराशी तिरपी करून उंबऱ्यावर क्षणभर थांबायच्या आणि सुनेला सांगायच्या, "माझं पान नको वाढू वं. आज एकादस हाय."

पहिल्या दिवशी रुख्मिणीला हसू आलं, कारण ती पंचमी होती. दुसऱ्या दिवशीही तिला हसू आलं, पण थोडं कमी. आठव्या दिवशी सासूच्या पाठीला तेल लावताना मणके बोटांना लागले, तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

विसर काही नवा नव्हता. दोन वर्षं झाली, मनकर्णाबाईंच्या मनातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं, घासलेलं भांडं पुन्हा घासायला निघायचं. नवऱ्याला जाऊन सात वर्षं झाली होती, तरी त्या संध्याकाळी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवायच्या. रुख्मिणीचं नाव तर आषाढापासून त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. कधी त्या तिला आपल्या लेकीच्या नावानं हाक मारायच्या, कधी "कोन्या गावच्या वं तुमी" असं पाहुणीसारखं विचारायच्या. ते सगळं रुख्मिणीनं अंगवळणी पाडून घेतलं होतं. सासूचा हात धरून परसात न्यावं, लुगडं उलटं नेसलं तर न बोलता सारखं करावं, विचारलेल्या गावाचं नाव दिवसातून दहादा सांगावं. त्यात तिला जड काही वाटत नव्हतं. पण उपाशी माणसाला सांभाळायचं कसं, हे तिला कळेना.

कारण मनकर्णाबाई सगळं विसरल्या, तरी नेम विसरल्या नव्हत्या. अकरा वर्षांच्या असताना धरलेली एकादशी त्यांनी बाळंतपणातही मोडली नव्हती. त्यांची एकादशी कडक. भगर नाही, रताळं नाही, खारकेचा तुकडा नाही. दिवेलागणीला गाईचं वाटीभर दूध, तेवढंच. घरालाही त्या दिवशी नेम असे. वखर चालायचा नाही, बैलांच्या मानेवर जू चढायचं नाही, कापसातली सरकी काढायचा रेचा फिरायचा नाही, फांदीवरचं पान तोडायचं नाही. किड्यामुंगीलाही एक दिवस अभय मिळावं, असं त्या म्हणत.

आणि रुख्मिणीचा एक नेम होता. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्या चातुर्मासात तिने देवापुढे पाणी सोडलं होतं, की सासूच्या पानावर अन्न पडल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. सोळा वर्षं तो नेम सहज पाळला गेला. कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं, आणि तिने कोणाला सांगितलंही नव्हतं. आता मात्र सासूची रोज एकादशी म्हणजे सुनेचीही रोज एकादशी झाली. रुख्मिणी दूध आटवून आटवून घट्ट करायची, त्यात बदाम उगाळून घालायची, अर्धं सासूला द्यायची आणि अर्ध्यातलं अर्धं आपण घ्यायची.

घरात बोलायलाही कोणी नव्हतं. तिचा नवरा सूर्यभान त्या दिवसांत घरी टिकतच नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला होता, आणि अख्खी विलायत वऱ्हाडाच्या कापसाकडे डोळे लावून बसली होती. अमरावतीच्या परकोटाबाहेर गाड्यांच्या रांगा लागत. पूर्वी दिवाळी झाली की कापूस घरी यायचा, सासूसुना समोरासमोर बसून तो रेच्यातून काढायच्या, आणि रुई वेगळी, सरकी वेगळी होऊन मगच बाजारात जायची. आता व्यापाऱ्यांना तेवढाही दम नव्हता. ते शेतावरूनच सरकीसकट कापूस उचलून नेत. सूर्यभाननं दोन्ही रेचे माळ्यावर चढवून ठेवले आणि बायकोला म्हणाला होता, की जा, तुमच्या हातांची कटकट गेली. खरोखरच गेली होती. नुसती गाय तेवढी सरकी मिळेना म्हणून गव्हाणीत तोंड फिरवून उभी राहायची.

मार्गशीर्षात तो चार दिवस घरी आला. आईला पाहिलं, मग बायकोच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकताना पाहिल्या, आणि तडक नत्थुजी वैद्यांना घेऊन आला. नत्थुजींनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मनकर्णाबाईंशी पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी केल्या. बाहेर ओट्यावर येऊन त्यांनी सांगितलं, की विसरावर औषध नाही आणि ते माझ्याकडून मागूही नका. पण पोटात अन्न गेलं नाही, तर बाई संक्रांत पाहायच्या नाहीत.

सूर्यभान साधा माणूस होता. त्याने साधाच उपाय काढला. "सांग ना तिले, आज बारस हाय म्हनून. पारणं हाय म्हनून. इतकुसं खोटं बोलाले काय जाते?"

रुख्मिणीचं मन धजेना. तिथीबद्दल खोटं बोलायचं, म्हणजे देवाच्या नावानंच खोटं बोलायचं. पण समोर संक्रांत होती. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी भाजली, तुरीचं वरण केलं, पाट मांडला आणि आतल्या आत क्षमा मागून सासूला म्हणाली, "आत्याबाई, आज बारस हाय. पारणं करा."

मनकर्णाबाईंनी पाटाकडे पाहिलं. मान तिरपी केली, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाई. एकादस हाय. मले समजते."

आणि त्या जाऊन भिंतीशी टेकून बसल्या. रुख्मिणीनं त्या दिवशी एकशेआठऐवजी हजार जप केला आणि पुन्हा ती वाट धरली नाही.

शेजारच्या पार्वताबाईला मात्र विषय मिळाला. विहिरीवर ती मोठ्यानं विचारायची, "काहून वं रुख्मिणे, दोघी मिळून वैकुंठाची वाट धरली का काय? इकडचं घर कोन पाहीन?" त्यात थट्टा किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्या गल्लीतल्या दोन बायका तर नारळ घेऊन आल्या, म्हातारीनं अन्न सोडलंय, आता पुण्य मोठं, पाया पडू द्या म्हणून. मनकर्णाबाईंनी त्यांना कोन्या गावच्या म्हणून विचारलं, आणि एकीचा नारळ तिलाच परत दिला. रुख्मिणीला त्या नारळाची भीती वाटली. माणसाला जिवंतपणी देव करून टाकलं, की मग त्याच्या भुकेची काळजी कोणी करत नाही.

शेवटी सूर्यभाननं ठरवलं, की आईला अकोल्याला जमुनेकडे न्यावं. जमुना त्याची बहीण. लेकीच्या हातून आई दोन घास घेईल, असं त्याला वाटलं. रुख्मिणीला काय वाटलं ते त्याने विचारलं नाही. तिने देवघरातला लहान बाळकृष्ण पदराला बांधून घेतला आणि सासूच्या शेजारी बैलांच्या दमणीत जाऊन बसली.

तीन दिवसांची वाट. बडनेऱ्यापुढे आगगाडीच्या सडकेचा भराव पडत होता, त्याच्या कडेकडेनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड. बाभळींच्या काट्यांना पांढरे झुबके अडकलेले. मनकर्णाबाई प्रत्येक झुबक्याकडे बोट दाखवून सांगायच्या, की केवढी नासाडी, उतरून वेचून घ्या. मूर्तिजापूरच्या मुक्कामावरही त्यांची एकादशीच होती. शनिवारी दिवे लागता लागता दमणी जमुनेच्या दारात थांबली, तेव्हा त्यांना दोघांनी उचलूनच उतरवावं लागलं. सूर्यभान पहाटे गाडी जुंपून परत गेला.

रविवारी सकाळी जमुनेनं पान वाढलं. रुख्मिणी दाराआड उभी राहिली. मनकर्णाबाई चुलीशी आल्या, मान तिरपी केली, थांबल्या. आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "बारस हाय न आज? वाढा लवकर, पारण्याची येळ टळन."

त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. वांग्याची भाजी खाल्ली. वरण ओरपलं. जमुना रडायला लागली, जमुनेचा नवरा उत्तमराव देवाला हात जोडून आला.  रुख्मिणी दाराआडच खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून तिने आपलं पान घेतलं. चाळीस दिवसांनी भाकरीचा वास इतक्या जवळून येत होता.

पण मन मोठं चमत्कारिक असतं. पोट भरल्यावर तिला कुठे तरी टोचायला लागलं. सोळा वर्षं आपण जपलं, आणि शेवटी म्हातारी जेवली ती लेकीच्या हातचं. जमुनेनंही ते सोडलं नाही. नणंदच ती. "वयनी," ती भांडी आवरताना म्हणाली, "तुमच्या हाताले मीठ कमी हाय, मी कवापासून सांगून राह्यली." रुख्मिणी हसली आणि म्हणाली, की असेल बाई. रात्रीच्या जपात मात्र तिने दोन मणी जास्त ओढले, ते मत्सराबद्दल.

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज मनकर्णाबाई बारस म्हणून जेवल्या. रोजचं पारणं. जमुना म्हणाली, की आता आई इथेच राहू दे.  सासू इथे जगत असेल तर आपला नेमही इथेच राहील, आणि आपण अमरावतीला जाऊन कोणाच्या पानाची वाट पाहायची, एवढंच रुख्मिणीच्या मनात येत राहिलं.

शुक्रवार उजाडला. जमुनेनं पुरण घातलं होतं. मनकर्णाबाई आल्या, मान तिरपी केली, थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"माझं पान नको वाढू. आज एकादस हाय."

जमुनेची पोळी तव्यावरच राहिली. तिने समजावलं, रडून पाहिलं, शेवटी रागावली. म्हातारी भिंतीशी जाऊन बसली. जमुना रुख्मिणीकडे वळली. आता तिच्या तोंडात टोमणा नव्हता. "वयनी, माझ्या मिठाले काय झालं वं?"

रुख्मिणीनं घागर उचलली आणि बाहेर पडली. तिला जरा एकटं राहायचं होतं. जमुनेच्या भिंतीला भिंत लागून गुलाम नबी पिंजाऱ्याचं घर होतं. त्याची बायको आमिना दारात बसून लेकीची वेणी घालत होती. रुख्मिणीला पाहून तिने विचारलं, की अम्माची तब्येत कशी आहे, रोज तिचा आवाज येतो, आज आला नाही. रुख्मिणीनं सांगितलं, की आज जेवत नाहीत. आणि बोलता बोलता तिची नजर आमिनाच्या मागे गेली. ओसरीवर रेचा होता. त्याच्यावर धुतलेलं कापड पांघरलेलं होतं.

"तुमी आज काम नाई करत?" तिने सहज विचारलं.

"आज जुम्मा हाय न, भाबी. जुम्म्याले मी रेचा लावत नाई. बाकी रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर सुरू, दुपारपर्यंत. तुमाले त्याचा तरास होते का? मोठा कुरकुरते."

 घागर रुख्मिणीच्या कमरेवर तशीच, आणि तिच्या कानात घर उभं राहिलं. आपलं घर. दिवाळीनंतरच्या सकाळी, दोन रेचे समोरासमोर, कुईं कुईं करत चाललेले. माळ्यावर चढण्याआधी ते असे महिनोन्महिने चालायचे, चैत्रापर्यंत. चैत्रानंतर अंगणातून निघणाऱ्या वखराचा खडखडाट असायचा. दोन्ही बंद राहायचे ते फक्त एका तिथीला. आत्याबाई मान तिरपी करतात, ती ऐकायला करतात. तिथी त्या बोटांवर मोजत नाहीत, कोणी सांगितली तर मानत नाहीत. त्या घराला विचारतात. आणि दिवाळीपासून रोज सकाळी आपलं घर त्यांना सांगत होतं, आज एकादशी आहे.

तिने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. नवमी. मग ती आमिनाला म्हणाली, की तुमचा नेम मोडायला मी सांगत नाही, पण माझा आज नेम नाही. मी तुमचा रेचा घटकाभर फिरवू का? आणि थोडक्यात सगळं सांगितलं. आमिनानं वेणीची गाठ मारली, उठली, रेच्यावरचं कापड काढून घडी केलं आणि कापसाची पाटी ओढून पुढे ठेवली. "फिरवा न. अम्मा उपाशी राह्यली तं मले जुम्म्याचा सवाब, तुमचं पुण्य, कुठून लागन?"

रुख्मिणी बसली. डाव्या हातानं कापूस लावला, उजव्यानं दांडा धरला. गेल्या चैत्रापासून रेचा धरला नव्हता, पण हात काही विसरला नव्हता. तीन फेरे, मग जरासा दम. तीन फेरे, दम. तिची सवयच तशी होती, लहानपणी खांदा उतरला होता तेव्हापासूनची. सरकी मागे टपटप पडायला लागली, रुई पुढे पाण्यासारखी सांडली. डोळ्यांत काही तरी येत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळानं जमुना धावत आली. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली आणि धाप टाकत, हसत, रडत सांगायला लागली. आई उठली म्हणे. उंबऱ्यावर आली, कान दिला. बारस आहे म्हणाली. मग परत कान दिला.

"अन् काय म्हनते माहीत हाय का, वयनी?" जमुना म्हणाली. "म्हनते, 'हा आमच्या रुखमीचा हात हाय. तीन फेरे अन् दम. तिले म्हना, पुरं झालं आता, येऊन पान वाढ.'"

आषाढापासून कोणी त्या नावानं तिला हाक मारली नव्हती. रुख्मिणीनं दांडा सोडला. आमिनानं तिच्या कमरेवर पुन्हा घागर ठेवली नाही, ती आपणच भरून आणून देते म्हणाली.

त्या पोळीवर मनकर्णाबाईंनी तूप दोनदा मागून घेतलं. रुख्मिणी आत आली तेव्हा त्यांनी तिला पुन्हा विचारलं, "तुमी कोन्या गावच्या वं?" रुख्मिणीनं गावाचं नाव सांगितलं. तिला काही वाईट वाटलं नाही. हात ओळखला होता, आता चेहरा ओळखला नाही तरी चालण्यासारखं होतं.

आठ दिवसांनी त्या अमरावतीला परतल्या. निघताना जमुनेनं आईच्या पायांना हात लावला, मग वहिनीच्या पायांनाही लावला, आणि मिठाबद्दल एक अक्षर बोलली नाही. आमिनानं रेच्याच्या कण्यासाठी तेलाची कुपी दिली. घरी पोचताच रुख्मिणीनं नवऱ्याला पहिलं काम सांगितलं, ते माळ्यावर चढायचं. सूर्यभाननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मीच मुकं केलं म्हना तिचं घर." त्यानं दोन्ही रेचे उतरवले, स्वतः पुसले, आणि व्यापाऱ्याच्या गाडीत भरलेल्या कापसातून चार गाठोडी परत काढून आणली. रुख्मिणीनं हिशेब केला तो दिवसांचा. रोज सकाळी ओंजळ ओंजळ काढला, तर चैत्रच काय, पुढची दिवाळीही गाठता येईल. गाईला सरकी मिळू लागली. ती गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली आणि दूध पुन्हा पहिल्यासारखं दाट झालं.

संक्रांत आली. नत्थुजी तिळगूळ द्यायला म्हणून आले आणि मनकर्णाबाईंनी त्यांना ओळख नसताना दोन तास बसवून ठेवलं. जाताना त्यांनी रुख्मिणीला विचारलं, की कोणाचं औषध लागू पडलं. तिने ओसरीतल्या रेच्याकडे बोट दाखवलं. नत्थुजींनी रेच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न समजता मान डोलावली.

मग घरी खरी एकादशी आली.

त्या सकाळी रुख्मिणीनं रेच्यावर धुतलेलं कापड पांघरलं, आमिनानं पांघरलं होतं तसंच. अंगणात ऊन उतरलं. मनकर्णाबाई तुळशीला पाणी घालून आल्या, उंबऱ्यावर थांबल्या, मान तिरपी केली.

"आज एकादस हाय."

"हाव, आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली. "आज हाय."

किती तरी दिवसांनी ती हे सगळ्या मनानं म्हणू शकली. दोघी दिवसभर भिंतीशी टेकून बसल्या. रुख्मिणी जप करत होती, म्हातारी तिच्या माळेकडे पाहत ओठ हलवत होती. दिवेलागणीला दोघींनी एकेक वाटी दूध घेतलं. मनकर्णाबाईंनी आपल्या वाटीतली साय बोटानं काढून सुनेच्या वाटीत घातली. पूर्वी, रुख्मिणी नवी नवरी होती तेव्हा, त्या असंच करायच्या.

दुसऱ्या दिवशी, उजाडल्यावर, रुख्मिणी रेच्याशी बसली. तीन फेरे, दम. तीन फेरे, दम. आतून तांब्या वाजला, पावलं आली.

"बारस हाय. वाढ वं रुखमे, काय बसून राह्यली?"

रुख्मिणीनं पान वाढलं. मनकर्णाबाईंनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठी घालून सुनेकडे पाहिलं.

"वरनात मीठ कमी हाय."

रुख्मिणी उठली आणि मिठाची वाटी घेऊन आली.